नऊ इंचांच्या खालचे रामटेके

नोकरीला लागल्यावर तिसऱ्या वर्षी मी एकाच शेताबद्दल दोन दाखले दिले. एकात लिहिलं होतं, 'संत्र्यास योग्य.' दुसऱ्यात, 'संत्र्यास अयोग्य.' दोन्हींवर सही माझी, शाई एकाच दौतीतली, आणि मध्ये गेलेले दिवस जेमतेम पंधरा. तेवढ्यात शेत काही कुठे हललं नव्हतं. ज्या बाईंचं ते शेत, त्यांनी त्यातली मिरची मोडून संत्र्याची बाग लावायची की नाही, हे माझ्या या सहीवर ठरणार होतं. संत्र्याला फळ धरायला पाच-सहा वर्षं लागतात. तेव्हा माझी सही चुकली की बाईंची पाच-सहा वर्षं मातीत. सही करताना हे माझ्या डोक्यात नव्हतं. मी सहीच्या शेपटीला नीट वळण आलंय का, ते बघत होतो.

त्यातला दुसरा कागद माझ्याकडून लिहवून घेणारा माणूस मॅट्रिकला दोनदा बसून एकदाही उठला नव्हता. त्यांचं नाव डोमाजी रामटेके.

सत्तरच्या दशकाची सुरुवात होती. मी पुण्याहून शेतीची पदवी आणि तिच्याहून मोठं डोकं घेऊन नागपूरला आलो. माती तपासणीची आमची प्रयोगशाळा एका सरकारी बंगल्याच्या मागच्या तीन खोल्यांत होती. उन्हाळ्यात त्या खोल्यांत बाटलीचं रबरी बूचसुद्धा घाम गाळायचं. वाळ्याची ताटी एकच, आणि ती मोठ्या साहेबांच्या केबिनला लावलेली. मोठे साहेब म्हणजे आमचे प्रमुख. त्यांना मातीपेक्षा मातीचे तक्ते आवडत.

रामटेक्यांचा हुद्दा परिचर. बाटल्या धुवायच्या, माती चाळायची, दाखले पोस्टात टाकायचे आणि साहेब लोक दौऱ्यावर निघाले की फावडं-घमेलं घेऊन जीपच्या मागच्या फळीवर बसायचं. उंच, काटकुळे, खाकी सदऱ्याचे, पन्नाशीच्या अलीकडचे. सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवणीतलं पेन नसे. तिथे सौम्य ॲसिडची इवलीशी बाटली असे. मातीत चुना आहे का हे बघायला थेंबभर टाकायचं, माती फसफसली की समजायचं. त्या बाटलीनं त्यांचे सगळे खिसे खाल्ले होते. शेवटी त्यांच्या बायकोनं जुन्या चपलेचं कातडं कापून आतून खिसा शिवून दिला. "आता ॲसिड खाईन तर चप्पल खाईन," असं त्या म्हणाल्याचं रामटेके मोठ्या कौतुकानं सांगत.

या माणसाचा कशाच्याही वरच्या थरावर विश्वास नव्हता. बाजारात तूर घ्यायला गेले की पोत्यात कोपरापर्यंत हात घालून तळाची मूठ वर काढत. त्यांना लांबून बघूनच दुकानदार ओरडायचा, "घ्या बाप्पा, घ्या! खालूनच देतो, पोतं उलथं नोका करू!" संत्र्याच्या ढिगातली वरची मांडलेली संत्री त्यांनी जन्मात घेतली नसतील. लग्नाच्या पंगतीत वरण आलं की वाढप्याच्या हातातला पळा घेऊन आधी बादली ढवळत, मग वाढून घेत. ऑफिसातली कुचाळकीसुद्धा एकाच्या तोंडून ऐकून पुढे सांगत नसत. चार टेबलांवरून गोळा करायची, कालवायची, निम्मी टाकून द्यायची, आणि उरेल त्यावर बोलायचं. "एका जागची माती अन् एका मानसाची गवाही," ते म्हणत, "दोन्हीवर सही करू नये."

मी एकदा चिडून विचारलं, "रामटेकेजी, तुमचा कोणावरच विश्वास नाही का हो?"

"हाये ना साहेब. पन कोनी मोठा मानूस सांगते म्हनून मानाचं नाही, हे मी छप्पन सालीच ठरवलं. दीक्षा घेतली त्या दिवशी. तेव्हापासून तपासून घेतो."

मोठ्या माणसांत मी स्वतःला धरत होतो, त्यामुळे ते उत्तर मला आवडलं नाही.

त्यांनी मला तपासलं ते पहिल्याच महिन्यात. पारशिवनीकडच्या एका गावात नमुना घ्यायला गेलो होतो. नमुना घ्यायची रीत मला पुस्तकातून तोंडपाठ होती. शेतात नागमोडी चालायचं, पंधरा-वीस जागी फावड्यानं नऊ इंच खोल खड्डा करायचा, खड्ड्याच्या कडेची वरपासून खालपर्यंत एक पातळ चकती कापायची, सगळ्या चकत्या घमेल्यात कालवायच्या. मग त्या ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकायचे, पुन्हा कालवायचं, पुन्हा दोन टाकायचे, शेवटी अर्धा किलो उरेल तो नमुना. बांध सोडायचा, झाड सोडायचं, गुरं बसतात ती जागा सोडायची. पण पुस्तक लिहिणाऱ्यानं ते वैशाखात विदर्भात बसून लिहिलेलं नसावं. शेताच्या मध्यापर्यंत पोचेस्तोवर माझ्या डोळ्यांपुढे चांदण्या यायला लागल्या. बांधावर एक ऐसपैस बाभूळ होती. मी तिच्याखाली गेलो, बसल्या बसल्या तीन खड्डे केले, आणि पिशवी भरली.

रामटेके उन्हात उभे राहून बघत होते.

प्रयोगशाळेत त्या नमुन्याचे आकडे आले आणि मी उडालोच. नत्र भरपूर, पालाश भरपूर, सेंद्रिय कर्ब तर विचारूच नका. मी आनंदानं दाखला लिहिला, 'जमीन अत्यंत सुपीक, या वर्षी खताची आवश्यकता नाही,' आणि तो पोस्टात टाकायला रामटेक्यांकडे दिला. त्यांनी तो वाचला आणि परत माझ्या टेबलावर ठेवला.

"साहेब, हा दाखला कोनाले पाठवू? शेतकऱ्याले का बकऱ्याले?"

"म्हणजे?"

"त्या बाभळीखाली गावातल्या साऱ्या बकऱ्या बसतेत दुपारी. वरून पाला पडते, खालून लेंड्या. तुम्ही माती नाही, सावली तपासून राहिले."

मी दाखला फाडला. दुसऱ्या खेपेला रामटेक्यांनी मला साऱ्या शेतातून नागमोडी चालवलं आणि बाभळीकडे बघू दिलं नाही. या वेळी आकडे आले ते एखाद्या उपाशी जमिनीचे. तेच शेत, तीच प्रयोगशाळा, तोच मी. माझं ज्ञान पाचव्या दशांशापर्यंत अचूक होतं; चूक पिशवीत शिरतानाच झालेली होती.

एवढ्यावर मी शहाणा झालो असतो तर हे लिहायला काही उरलं नसतं.

मार्चअखेर आली की आमच्याकडे मातीचा पूर यायचा. गावोगावच्या कर्मचाऱ्यांना नमुन्यांचं उद्दिष्ट दिलेलं असे. वर्षभर एक पिशवी न पाठवणारा माणूस शेवटच्या आठवड्यात पोतं भरून पाठवी. अशीच एका गावाहून चाळीस शेतकऱ्यांच्या नावाच्या चाळीस पिशव्या आल्या. मी तीन आठवडे राबून त्या तपासल्या. प्रत्येकीचे आकडे थोडे थोडे वेगळे. मी चाळीस शेतकऱ्यांना चाळीस प्रकारच्या खताच्या शिफारशी लिहिल्या आणि हौसेनं त्या गावाचा एक रंगीत नकाशाही काढला. कमी सुपीक पिवळा, मध्यम हिरवा, भरपूर सुपीक जांभळा. मोठे साहेब इतके खूश झाले की त्यांनी तो चौकटीत बसवून केबिनमध्ये टांगला. त्याखाली लिहिलं, 'एका गावातील मृदावैविध्य.'

रामटेके त्या पिशव्यांचा चाळणीवर उरलेला, जपून ठेवलेला कचरा एका वर्तमानपत्रावर मांडून बसले होते. मला बोलावून म्हणाले, "पाहा साहेब. चाळीसच्या चाळीस पिशव्यांत भुईमुगाचे फोलं हायेत."

"असतील. भुईमूग पेरत असतील गावात."

"चाळीसही शेतात? धानाच्या बांधीतही? अन् हे पाहा, विडीचं थोटूक. साऱ्या थोटकांवर एकच दोरा, एकच छाप. ग्रामपंचायतीच्या मागं मातीचा ढीग असन एक. तिथं बसून फोलं टाकत, विडी ओढत भरल्या भाऊनं पिशव्या."

"पण मग आकडे वेगळे कसे आले?"

"ढीग कालवला नसन ना! वरची पिशवी वेगळी, खालची वेगळी. लेंडी आली ते जांभळी."

मी घामाघूम होऊन मोठ्या साहेबांकडे गेलो आणि सगळं सांगितलं. साहेबांनी नकाशाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "चौकटीचे पैसे मंजूर झालेत." मी बाहेर आलो. तो नकाशा मी नागपूर सोडलं तेव्हाही तिथेच होता, आणि बाहेरून येणारे पाहुणे त्यातल्या जांभळ्या भागाचं विशेष कौतुक करत.

याच सुमारास माझं लग्न ठरत होतं. मुलीच्या वडिलांनी माझी चौकशी करायची म्हणून ऑफिसात येऊन नेमकं रामटेक्यांनाच गाठलं. रामटेक्यांनी सांगितलं, "पोरगा वरून भुसभुशीत हाये. खाली मुरूम किती खोल लागते, ते मले अजून समजलं नाही." एवढं ऐकूनही त्यांनी मुलगी दिली. बायको आजतागायत, मी काही ठासून बोलायला लागलो की विचारते, "मुरूम लागला का?"

आता त्या दोन दाखल्यांकडे येतो.

भिवापूरजवळच्या एका गावात सडकेला लागून कौसल्याबाईंचं शेत होतं. नवरा कोराडीला वीजकेंद्राच्या कामावर, आठवड्यातून एकदा घरी येई. शेती सगळी बाईंची. त्या शेतातली मिरची अशी, की बाजारात तिचं पोतं सुटलं की आजूबाजूचे लोक शिंकत शिंकत गोळा व्हायचे. पण वरिष्ठांना त्या सडकेवर एक 'आदर्श संत्रा बाग' हवी होती. एक मोठे पाहुणे येऊन पहिलं कलम लावणार होते. आणि पाहुण्यांच्या गाडीला चिखल लागणार नाही असं त्या टापूत हे एकच शेत होतं. कौसल्याबाईंना संत्र्याचा मोह होताच. पण त्यांनी अट घातली, "माती तपासून द्या. सरकार हो म्हनन तर मिरची मोडतो. नाही तर हात लावू देत नाही."

नमुना घ्यायला मी जातीनं गेलो. या वेळी मी चोख होतो. बाभळीकडे ढुंकून पाहिलं नाही. नागमोडी चाललो, वीस खड्डे केले, चकत्या कापल्या, कालवलं, चार भाग केले, दोन टाकले. 'पाहा' अशा नजरेनं रामटेक्यांकडे बघितलं. ते फावड्याला टेकून उभे होते.

"लय बेस झालं साहेब. मिरचीले एकदम बरोबर. पन संत्रा लावाचा हाये ना?"

"हो, मग?"

"मिरचीचं मूळ वीतभर जाते. संत्रा तर पुरुषभर खाली उतरते. त्याले नऊ इंचांत काय समजते? कंबरभर तरी खोदू."

मी खिशातून फॉर्म काढला. फॉर्मवर खोलीचा रकाना एकच होता, आणि त्यात 'नऊ इंच' छापूनच आलेलं होतं. मी तो त्यांना दाखवला. "रामटेकेजी, कंबर कुठल्या रकान्यात लिहू?"

त्यांनी फॉर्म उलटसुलट करून पाहिला. "झाडाले हा फॉर्म दाखवला का?" एवढंच म्हणून ते घमेलं घेऊन जीपकडे चालू लागले.

वरची माती खरोखरच सुरेख निघाली. मी दाखला लिहिला, 'संत्र्यास योग्य.' कौसल्याबाईंनी मिरची मोडायला माणसं सांगितली. मांडववाल्याला निरोप गेला. कलमं निघाली.

दोन आठवड्यांनी रोजच्या ढिगात एक नमुना माझ्या टेबलावर आला. आमच्याकडे पद्धत अशी, की तपासणाऱ्याला नाव-गाव दिसायचं नाही, फक्त क्रमांक आणि पुढचं पीक. पीक लिहिलं होतं, संत्रा. पांढुरकी, ढेकळं धरणारी माती. ॲसिडचा थेंब टाकला तर सोड्याची बाटली फोडल्यासारखी उसळली. एवढा चुना मी आयुष्यात पाहिला नव्हता. असल्या जमिनीत संत्र्याचं झाड तीन-चार वर्षं हिरवं राहतं, आणि मूळ चुनखडीला टेकलं की शेंड्याकडून वाळत येतं. मला त्या अनोळखी शेतकऱ्याची दया आली. मी ठळक अक्षरांत लिहिलं, 'संत्र्यास सर्वथा अयोग्य,' आणि खाली स्वतःहून शेराही मारला, 'अशा जमिनीत संत्रा लावण्याचा सल्ला देणारा मनुष्य शेतकऱ्याचा शत्रू होय.' झोकात सही केली.

दाखला नेताना रामटेक्यांनी शेरा दोनदा वाचला. "लय चांगलं लिहिलं साहेब," म्हणाले.

तिसऱ्या दिवशी सकाळी भिवापूरच्या एस.टी.नं कौसल्याबाई आल्या. काष्टा घातलेल्या, हाताला मातीच्या भेगा, पिशवीत दाखल्यांची दोन कार्डं. मोठे साहेब नेमके माझ्या टेबलाशी उभे राहून समारंभात कोण कुठे बसणार ते सांगत होते. बाईंनी दोन्ही कार्डं समोर ठेवली.

"सही एकच हाये," त्या म्हणाल्या. "मानूसही एकच हाये का?"

मी कार्डं बघितली, गट क्रमांक बघितला, आणि खुर्चीत बुडत गेलो. रविवारी, सुट्टीच्या दिवशी, स्वतःच्या तिकिटानं रामटेके भिवापूरला गेले होते. बाईंना विचारून कंबरभर खड्डा खोदला होता, खालची माती आणली होती, आणि सगळ्या नियमांनी, नोंदवहीत चढवून, मला दिली होती. मोठ्या साहेबांनी दुसरं कार्ड उचललं, शेरा वाचला, आणि थंडपणे म्हणाले, "हे चुकून गेलंय बाई. हे रद्द समजा. हो ना?"

तो प्रश्न मला होता. माझ्या नोकरीचं कायमपण त्यांच्याच शिफारशीवर अडलेलं होतं. मी घसा साफ केला.

"तसं पाहिलं तर बाई, तांत्रिकदृष्ट्या दोन्ही दाखले बरोबर आहेत. नमुन्याच्या खोलीनुसार निष्कर्षात काही अंशी..."

"मले तांत्रिक नाही लावाचं गा भाऊ," बाई म्हणाल्या. "झाडं लावाचे हायेत. उद्या मिरची मोडाले बाया येतेत. त्यायले हो सांगू का नाही सांगू?"

रामटेके दाराशी ओल्या हातांनी उभे होते. ते अजिजीनं म्हणाले, "साहेब, हो का नाही, एवढंच सांगा तिले."

मी साहेबांकडे पाहिलं, तिथून केबिनच्या उघड्या दारातून दिसणाऱ्या नकाशाकडे पाहिलं. खोटं कशाला सांगू, शूरपणा वगैरे काही नव्हता. तो शत्रूचा शेरा माझ्याच अक्षरात समोर पडला होता आणि मला दुसरं काही वाचताच येत नव्हतं.

"नाही," मी म्हणालो. "मोडू नका मिरची."

बाईंनी दोन्ही कार्डं पिशवीत टाकली. "हे एवढं बोलाले किती येळ लावला," म्हणाल्या आणि पावणेबाराची एस.टी. पकडायला निघून गेल्या.

नंतर सरकारात जे होतं तेच झालं. आदर्श बाग दुसऱ्या शेतात लागली; पाहुण्यांच्या गाडीसाठी तिथपर्यंत मुरूम टाकला. रामटेक्यांना विनापरवानगी नमुना घेतल्याबद्दल दौऱ्यावरून काढून बाटल्या धुण्यावर बसवलं, ते निवृत्तीपर्यंत. आणि 'फळझाडांसाठी खोल नमुना घेण्याची सुधारित पद्धत' असं एक परिपत्रक निघालं. फॉर्मवर खोलीचे तीन रकाने आले, तिसरा कंबरभर खोलीचा. परिपत्रकाखाली नाव माझं होतं. त्यावर मला बढती मिळाली, आणि नागपूरबाहेर बदलीही. मी पेढे घेऊन रामटेक्यांकडे गेलो आणि, आता तरी सांगायलाच हवं, त्यांच्या नावाबद्दल एक अक्षर बोललो नाही. त्यांनी पेढ्यांच्या पुडक्यात बोट घालून तळाचा पेढा घेतला. म्हणाले, "तिसरा रकाना बरा केला. लोकं आता भरतीन तरी."

त्यानंतर त्यांना मी एकदाच पाहिलं. आठ-नऊ वर्षं गेली होती. मी सफारी घातलेला साहेब झालो होतो आणि जीपनं भिवापूरकडे चाललो होतो. सडकेला लागून कौसल्याबाईंचं शेत आलं. तोडलेली मिरची खळ्यावर पसरली होती, डोळ्यांना लागेल इतकी लाल. जीपमध्ये आम्ही सगळे शिंकायला लागलो. पलीकडे, नाल्याच्या अंगाला, त्यांनी नवीन घेतलेला एक तुकडा होता. संत्र्याची हौस काही फिटलेली नव्हती. तिथे काठावर दोन मजूर फावडी टाकून बसलेले, आणि कौसल्याबाई कमरेवर हात ठेवून उभ्या. मी उतरून गेलो.

खड्डा छातीभर होता. आत, डोक्याला पांढरं फडकं बांधून, निवृत्त रामटेके उभे होते. भिंतीसारख्या कापलेल्या मातीत खुरप्यानं वीत-वीत अंतरावर खुणा करत होते, एकेका खुणेवर थेंब टाकत होते आणि कान लावून ऐकत होते.

"अरे, साहेब!" ते वर बघून हसले. पुन्हा मातीकडे वळले.

मी इतक्या वर्षांच्या सवयीनं ओणवा होऊन भिंत निरखली आणि बाईंना म्हणालो, "वा, काळी कसदार आहे की! चुना दिसत नाही. लावा खुशाल."

बाईंनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्या खड्ड्यात वाकून म्हणाल्या, "काय म्हनता मंग, रामटेकेजी?"

आतून खुरप्याचा आवाज थांबला.

"थांबा वं बाई. घाई काहून करता? अजून हातभर खोदू द्या."